विर्वेच्या अंगणातली दलदल

टीयूची गाडी फाटकाशी थांबली, तेव्हा विर्वेने कुबड्या बाहेर काढण्याआधी मान बाहेर काढली. खुबा नवा बसवलाय, वाकू नका, वळू नका, असं डॉक्टरांनी परत परत बजावलं होतं. पण सगळा वसंत आधी इस्पितळात आणि मग भाचीच्या तिसऱ्या मजल्यावर काढलेल्या बाईला खुब्याचं काय कौतुक? तिला आधी स्वयंपाकघराच्या खिडकीखालचा वाफा बघायचा होता.

टीयू म्हणजे पाएवेरे गावची कारभारीण. वय विर्वेच्या निम्मं आणि उत्साह चौपट. वाटभर ती गालातल्या गालात हसत होती आणि "मावशी, घरी एक गंमत आहे" एवढंच म्हणत होती. या गावाने आजवर केलेली एकही गंमत तिला मानवली नव्हती.

अंगण चकाचक होतं. खिडक्यांच्या काचा पुसलेल्या, गवत कापलेलं, सरपण भिंतीला लावून नीट रचलेलं. सफरचंदाच्या झाडांचे बुंधे कमरेएवढे चुन्याने रंगवलेले. फाटकाला बर्चच्या कोवळ्या डहाळ्या बांधल्या होत्या.

"सगळं गाव आलं होतं, मावशी," टीयू म्हणाली. "इर्जिक घातली आम्ही. वाटाण्याचं सूप केलं मोठं पातेलंभर. तू घरी येशील तेव्हा काडी हलवावी लागू नये, असं ठरवलं होतं सगळ्यांनी."

विर्वेचं तिकडे लक्षच नव्हतं. ती खिडकीखाली बघत होती. तिथे तिची कुरेमारी होती. दोऱ्यासारख्या बारीक दांड्यांचं, जमिनीसरपट पसरणारं, बाराही महिने हिरवं राहणारं दलदलीतलं झुडूप. तांदळाएवढी जाड पानं, जूनमध्ये क्रौंचाच्या डोक्यासारखी मान वळवलेली गुलाबी फुलं आणि शरद ऋतूत पानांवर पसरून ठेवल्यासारखी लाल आंबट फळं. इतर घरांसमोर जिथे हिरवळ असते तिथे विर्वेच्या दारात ही वाकळ अंथरलेली असायची. आज त्या वाकळीवर करडा थर होता. नुसता भुरभुरलेला नव्हता, चांगला बोटभर जाड होता आणि पाणी पिऊन त्याचं लिंपण झालं होतं.

"हे काय आहे?" विर्वेने विचारलं. काय आहे ते तिला कळलं होतं.

"राख गं! एंडेलकाकांच्या सौनाची. सगळ्या हिवाळ्याची साठवलेली, निव्वळ बर्चची. स्वतःच्या बटाट्यांना मूठभरसुद्धा ठेवली नाही त्यांनी. म्हणाले, सगळी विर्वेच्या ह्या वाफ्याला द्यायची."

"आणि वरून पाणी दिलंत?"

"मग? मुरायला नको? तुझ्या विहिरीला नळी लावली आणि दिलं चांगलं भरपूर."

विर्वेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नव्या खुब्यातून ती कशी वर चढली हे डॉक्टरांनाच विचारायला हवं.

आता एक सांगायला हवं. पाएवेरेत राख म्हणजे घाण नव्हे. दर शनिवारी सौना, म्हणजे घाम काढायची न्हाणी, तापतो, रविवारी चुलीतली राख पत्र्याच्या बादलीत जाते आणि बर्फ वितळलं की कांद्याला, बटाट्याला, करंटच्या झुडपांना मिळते. राख फेकून देणाऱ्या सुनेबद्दल अख्ख्या गावात बोललं जातं. शेजाऱ्याने आपल्या बादलीतली राख आणून दिली तर त्याला कॉफी पाजल्याशिवाय सोडत नाहीत. तेव्हा एंडेलने जे केलं ते या गावातल्या कुठल्याही भल्या माणसाने केलं असतं. म्हणून तर विर्वेचा संताप जास्त होता. वाईट केलं असतं तर पोलिसांत जाता आलं असतं. चांगलं केल्यावर माणसाने कुणाकडे जायचं?

कारण कुरेमारी म्हणजे कांदा नाही. ती जन्मते आंबट पाण्यात, आंबट मातीत. पाएवेरेची जमीन चुनखडीची. विहिरीचं पाणी असं की किटलीच्या तळाला पांढरी खपली धरते. म्हणूनच विर्वेने वाफ्याच्या जागी गुडघाभर खड्डा खणला होता, आत प्लास्टिक अंथरलं होतं, दलदलीतली कच्ची तपकिरी पीट, म्हणजे शेवाळ कुजून झालेली माती, भरली होती आणि मग त्यात कुरेमारी लावली होती. पाणी द्यायचं ते फक्त छपरावरून पिंपात पडलेलं पावसाचं. मार्चमध्ये ती फावड्याने अंगणातलं बर्फ ओढून वाफ्यावर ढीग घालायची, म्हणजे ते सावकाश वितळून मुळाशी जाईल. राख आणि चुन्याचं पाणी ही दोन्ही विषं होती, आणि गावाने ती दोन्ही एकाच दिवशी, गाणी म्हणत पाजली होती. विर्वेने हे गावाला सांगितलं नव्हतं असंही नाही. वर्षानुवर्षं सांगितलं होतं. गावाने मान डोलावली होती आणि सोडून दिलं होतं.

कुंपणापलीकडून एंडेल आला. सत्तरी ओलांडलेला, उंच, जरा पोक आलेला. पूर्वी ट्रॅक्टर चालवायचा. टोपी हातात धरून तो असा उभा राहिला, जणू शाबासकी मिळणारच.

"दिसला का वाफा?" तो म्हणाला.

"दिसला. डोळे शाबूत आहेत माझे, खुबा गेला होता."

"सगळ्यांत जास्त राख तिथेच टाकली. म्हटलं, तुझा जीव त्याच्यावर आहे."

"हो ना! आणि म्हणून तू त्याचाच जीव घेतलास!"

एंडेल हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग तिचा चेहरा बघून हसू अर्ध्यावर राहिलं. "राखेने कधी काही मेलंय का? माझा कांदा येऊन बघ."

"तुझा कांदा दलदलीत जन्मला होता का रे? किती वर्षं शेजारी राहतोस माझ्या? पिंपातून पाणी नेताना बघितलं नाहीस मला? दुष्काळ पडला त्या वर्षी विहीर दाराशी असताना मी पाण्यासाठी आभाळाकडे बघत बसले, ते काय मला वेड लागलं होतं म्हणून?"

"आम्हाला तसंच वाटलं होतं," एंडेल प्रामाणिकपणे म्हणाला.

टीयू मध्ये पडली. "मावशी, असं नको ना बोलू. सगळ्यांनी प्रेमाने केलंय."

"भीक नको पण कुत्रं आवर, टीयू! मी आजारी होते तेवढीच बरी होते. खिडक्या घाण राहिल्या असत्या तर मी मेले नसते."

त्या दिवशी विर्वेला वाकता येत नव्हतं, म्हणून ती कुबड्यांवर उभी राहिली आणि एंडेलकडून राख खरवडून घेतली. तो गुडघ्यांवर बसून हातांनी काढत होता, आणि ती वरून "हळू", "अरे मुळं", "तुला डोळे आहेत की बटणं" असं म्हणत होती. पिंपातलं होतं नव्हतं ते पाणी ओतून झालं. उपयोग नव्हता. राख खाली उतरली होती. काही आठवड्यांत पानं पिवळी पडली, मग कडेने तपकिरी झाली, आणि जूनमध्ये, जेव्हा फुलं यायची, तेव्हा खिडकीखाली वाळलेल्या दोऱ्यांचा गुंता उरला.

विर्वेचं एवढं काय गेलं, असं कुणाला वाटेल. गावालाही वाटलंच. आळीतली एक बाई तिला दुकानात म्हणालीसुद्धा, "देशात जागोजाग दलदली आहेत. दुसरीकडची चार मुळं आणून लाव की."

"तुझी आई गेली तेव्हा मी तुला शेजारच्या गावातून दुसरी आणून दिली असती तर?" विर्वेने विचारलं. ती बाई पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

कारण ती कुरेमारी तेद्रेची होती. तेद्रे ही गावाची दलदल. विर्वेच्या आईने, आजीने, त्यांच्याही आधीच्यांनी सप्टेंबरच्या धुक्यात तिथे टोपल्या भरल्या होत्या. विर्वे आणि एंडेलची बायको हेल्गी या दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, आणि तेद्रेत कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही हे दोघींना अंधारातही कळायचं. हिवाळ्यात आंबवलेल्या कोबीत कुरेमारी, खोकला आला तर मधात कुरेमारी, रविवारी फळं शिजवून केलेलं दाट, लालभडक किसेल, त्यावर दूध. हेल्गीचं किसेल एंडेल वाडगीच्या वाडगी खायचा आणि वर म्हणायचा, "आंबट आहे."

मग पीट काढणारी कंपनी आली. गावच्या सभेत गोड बोलणारा एक माणूस उभा राहिला. तेद्रेवर नांगर फिरवायला गावाची हरकत नसेल तर कंपनी हमरस्त्यापासून देवळापर्यंत डांबरी रस्ता करून देईल, असं त्याने सांगितलं. तोवर रस्ता खडीचा होता. उन्हाळ्यात धूळ आणि वसंतात चिखल. सभेत हात वर झाले. एंडेलचाही हात वर गेला. त्याची पाठ दुखायची आणि त्याची गाडी जुनी होती. विर्वे एकटी उभी राहिली आणि म्हणाली, "क्रौंच पक्षी तुमच्या डांबरावर अंडी घालणार आहेत का?" लोक हसले. चांगला विनोद केला म्हणून हसले, आणि हात खाली आले नाहीत.

यंत्रं यायच्या आधी विर्वे आणि हेल्गी कपडे धुवायची पत्र्याची घंगाळं घेऊन तेद्रेत गेल्या. कुरेमारीची ढेकळं त्यांनी शेवाळासकट उचलली आणि विर्वेच्या अंगणात आणून लावली. हेल्गी तेव्हाच खोकत होती. त्याच हिवाळ्यात ती गेली.

दफनाच्या वेळी विर्वेने एंडेलला विचारलं होतं की तिच्या थडग्यावर थोडी कुरेमारी लावू का? एंडेल सगळ्यांसमोर ओरडला होता, "माझी बायको दलदलीत नाही पुरली मी!" तेव्हापासून विर्वे स्मशानाच्या त्या कोपऱ्याकडे फिरकली नव्हती. हेल्गीसाठी नाताळला मेणबत्ती लावायची ती स्मशानाच्या फाटकाशीच. एंडेलशी बोलणं बर्फ, टपाल आणि मांजर एवढ्यापुरतं. पण भांडण झालं म्हणून या गावात शेजाऱ्याच्या दारातलं बर्फ काढायचं कुणी थांबत नाही. एंडेल तिचं काढायचा, ती त्याला लोणचं द्यायची, आणि दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत.

तर जूनच्या शेवटी एंडेल शहरातून परत आला. गाडीतून त्याने एकामागून एक फुगीर प्लास्टिकच्या गोण्या उतरवल्या आणि विर्वेच्या पायरीशी मांडल्या.

"पीट आणली," तो म्हणाला. "खड्डा रिकामा करतो, ही भरू, मग तू काय लावायचं ते लाव."

विर्वेने चष्मा लावला. गोणीवर क्रौंचाचं सुंदर चित्र होतं. मागे धुकं, पाणी, पाइनची खुजी झाडं. खाली लिहिलं होतं की ही माती निसर्गाच्या कुशीतून येते. आणखी खाली बारीक अक्षरात जागेचं नाव होतं, तेद्रे.

तिने त्या नावावरून बोट फिरवलं. एंडेलला वाटलं, गहिवरली.

"म्हणजे," विर्वे म्हणाली, "आधी माझी दलदल नांगरायची. क्रौंच पळवून लावायचे. मग त्यांचंच चित्र काढून तीच दलदल मला पिशवीतून विकायची. आणि तू, गाढवा, पैसे मोजून ती घेऊन आलास!"

"कच्ची सुटी देत नाहीत ते कुणाला. मी विचारलं."

"आणि हे वाच. वाच मोठ्याने!"

एंडेलने गोणी डोळ्यांजवळ धरली. "आंबटपणा घालवण्यासाठी... चुना मिसळला आहे."

"चुना! अरे, ह्यांनी तर तुझ्याही वरताण केली. तू एक वाफा मारलास, ह्यांनी पिशवी पिशवी मारून ठेवलीय! उचल. उचल हे माझ्या दारातून, नाहीतर ह्या कुबडीने फोडीन एकेक."

एंडेलने गोण्या परत गाडीत भरल्या. दुसऱ्या दिवशी मात्र तो न विचारता फावडं घेऊन आला आणि वाळलेली वाकळ, राखाळलेली पीट, सगळं उपसून घेऊन गेला. विर्वे खिडकीतून बघत होती आणि काच उघडून एक शब्दही बोलली नाही. शिव्या द्यायलासुद्धा समोरच्याबद्दल थोडी आशा लागते, आणि तिची ती संपली होती. खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं. भांडी घासताना रोज तिला ते दिसायचं.

जुलैत स्मशानाचा रविवार आला. त्या दिवशी पाद्री येतो, कबरींमध्ये उभं राहून प्रार्थना होते, आणि शहरांत गेलेली पोरंबाळंही गावात परततात. त्याआधी जो तो आपापल्या थडग्यांवर नवी पांढरी वाळू टाकतो आणि दंताळ्याने तिच्यावर सरळ रेघा ओढतो. पाएवेरेत माणसाची पत त्या रेघांवरून ठरते. रेघ वाकडी असेल तर माणूस वाकडा, आणि रेघच नसेल तर त्याच्याबद्दल बोलायलाच नको.

विर्वे आता एका काठीवर आली होती. आईवडिलांच्या वाळूवर तिने कशाबशा रेघा ओढल्या आणि बाकावर टेकली. शेजारी बायकांची कुजबुज चालली होती.

"ह्या वर्षीही तसंच ठेवलंय त्याने."

"लाज कशी वाटत नाही म्हणते मी! हेल्गी किती टापटिपीची होती."

"एकदा तर तिथे बसून काहीतरी तोडून खात होता. मी डोळ्यांनी बघितलं."

"अगं बाई! थडग्यावरचं?"

विर्वेने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एंडेलला कुणी बोल लावत असेल तर लावू दे, तिला मनातून बरंच वाटलं. तेवढ्यात टीयू दंताळं खांद्यावर आणि वाळूची बादली हातात घेऊन लगबगीने जाताना दिसली.

"कुठे चाललीस?"

"ओल्या कोपऱ्यात," टीयू हळूच म्हणाली. "एंडेलकाका गाडीतून पाद्रीबाबांना आणायला गेलेत. तेवढ्यात आम्ही त्यांची जागा साफ करून टाकतो. बिचारे एकटे, त्यांना सुचत नसेल. सगळं रान माजलंय. परत येतील तर बघतील, कशी छान वाळू!"

त्या आवाजात तोच उत्साह होता, अंगणातल्या त्या दिवसाचा. विर्वे का उठली हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. पुन्हा एकदा कुणाच्या तरी नकळत त्याचं भलं होणार होतं, एवढंच तिच्या डोक्यात शिरलं, आणि ती काठी टेकत टीयूच्या मागे निघाली.

ओला कोपरा म्हणजे स्मशानाच्या टेकाडाचा खालचा भाग. तिथे पाणी मुरतं, पाइनच्या सुया कुजतात, वाळू टिकत नाही. पूर्वी गरिबांना तिथे पुरायचे. हेल्गीचा करडा दगड विर्वेला लांबूनच दिसला. मग तिने खाली बघितलं.

दगडाच्या पायथ्यापासून कुरेमारी पसरली होती. दोऱ्यासारख्या दांड्या एकमेकींत गुंतलेल्या, तांदळाएवढी पानं, मध्ये मध्ये शेवाळाच्या गाद्या आणि हिरवी, वाटाण्याहून लहान कच्ची फळं. हेल्गीची जागा भरून ती शेजारच्या जागेवर गेली होती. ती एंडेलची जागा होती. दगडावर हेल्गीच्या नावाशेजारी त्याचं नाव कोरून ठेवलं होतं, जन्माचं साल होतं आणि पुढे रिकामं. ती सगळी रिकामी जागा हिरवीगार होती.

टीयूने बादली खाली ठेवली आणि दंताळं उचललं.

विर्वेची काठी दंताळ्यावर इतक्या जोरात बसली की त्याचा दात वाकला. "एक पाऊल टाकलंस तर बघ!"

"मावशी! अगं, गवत आहे ते."

"गवत तुझ्या डोक्यात आहे! माझ्या अंगणात गाणी म्हणत जे मारलंत तेच आहे हे. आणि आता इथेही आलात, दंताळं घेऊन, वाळू घेऊन! माणसाला मेल्यावर तरी तुमच्या चांगुलपणातून सोडा गं!"

वर बाकांवरची कुजबुज थांबली. टीयूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण विर्वेला तिची दया आली नाही. दया नंतर आली, संध्याकाळी, आणि तीही थोडीच.

एंडेल टेकाड उतरून आला तेव्हा दोघी तशाच उभ्या होत्या. त्याने वाकडं दंताळं बघितलं, विर्वेला बघितलं आणि टोपी काढली.

"चोरली नाही मी," तो म्हणाला. "म्हणजे, चोरलीच. तू दर शरदात वाटेवर आलेली टोकं छाटून कुंपणाशी टाकायचीस ना, त्यातली."

"पुरताना तर ओरडला होतास माझ्यावर."

"सगळे बघत होते." तो टोपी फिरवत राहिला. "हेल्गीने मला सांगून ठेवलं होतं. तेद्रेचं काहीतरी माझ्यावर ठेव, म्हणाली होती. मी सभेत हात वर करून आलो होतो, विर्वे. तुझ्याकडून कुठल्या तोंडाने घेऊ?"

"मग मला सांगितलं का नाहीस? सगळे उन्हाळे गेले!"

"तू बोलत कुठे होतीस? टपाल आणि मांजर. ह्यातलं हे काय आहे, टपाल की मांजर?"

विर्वे आणखी चिडली. तिने काठीने हिरवी वाकळ दाखवली. "ह्याला काय घालत होतास?"

"काही नाही."

"पाणी?"

"नाही."

"राख?"

"थडग्यावर कोण राख आणतं? इथे काय सौना आहे?"

"म्हणजे तू काहीच केलं नाहीस."

"काहीच नाही," एंडेल म्हणाला. "सप्टेंबरात फळं खातो, तेवढंच. आंबट असतात."

"हेच!" विर्वे ओरडली. "नेमकं हेच करायचं होतं माझ्या अंगणात! इतकं सोपं होतं! पण नाही, तिथे तुला माझं भलं करायचं होतं."

"तुझंच देणं होतं माझ्यावर," तो दगडाकडे बघत म्हणाला. "म्हणून सगळी राख तिथे टाकली. माझ्याकडे त्याहून चांगलं काही नव्हतं."

वर प्रार्थनेची घंटा झाली. मग एंडेलने गाडीतून फावडं आणलं आणि आपल्या नावाखाली जाऊन उभा राहिला.

"इथलं ने. माझ्या जागेवरचं. खड्ड्यासाठी कच्ची पीट मी आणतो. माझ्या रानाच्या कडेला, कंपनीच्या चराच्या अलीकडे, एक पट्टी उरलीय. तिथे आता काही उगवत नाही, पण माती तीच आहे. चुना नाही त्यात."

"हेल्गीचं एक पान तोडायचं नाही."

"नाही तोडत."

"आणि तुझ्याही सगळ्या जागेवरचं नको. पायाकडचं दे. डोक्याकडचं राहू दे तुला."

एंडेलने फावडं टेकवलं आणि चौकोनी ढेकूळ अलगद उचललं, शेवाळासकट. विर्वे आणि हेल्गीने तेद्रेतून उचललं होतं तसंच. खाली ओली काळी माती उघडी पडली. टीयू इतका वेळ नाक पुसत उभी होती. तिने त्या उघड्या चौकोनाकडे बघितलं, मग बादलीकडे, आणि तिला राहवलं नाही.

"निदान तेवढ्या जागेवर थोडीशी वाळू टाकू का? खड्डा दिसतोय..."

"हात लावू नकोस!" विर्वे आणि एंडेल एकदम ओरडले. त्या सभेनंतर दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट होती. वर पाद्रीबाबांनी प्रार्थना मध्येच थांबवली.

घरी जाताना विर्वे एंडेलच्या जुन्या गाडीत बसली. मांडीवर जुना टॉवेल, त्यावर ते ढेकूळ, आणि दोन्ही हात त्याच्या कडांना धरलेले. वाटेत कुठे आदळलं तर माती सुटेल, मुळं उघडी पडतील, म्हणून ती श्वास धरून बसली होती. पण गाडी स्मशानाशेजारच्या देवळापासून निघाली ती तिच्या फाटकापर्यंत एकदाही हादरली नाही. टॉवेलवर मातीचा एक कणही सांडला नव्हता. रस्ता खरंच गुळगुळीत केला होता कंपनीच्या मेल्यांनी. हे तिला कबूल करावं लागलं आणि सगळ्या दिवसातला सगळ्यात मोठा राग तिला तेव्हा आला.